चित्र कोणी काढलं?

जुलै लागला की आमच्या घरी खजुराची खोकी यायला लागतात. एखादं माझा मुलगा आरिफ याच्या ऑफिसातून येतं, एखादं शेजारचे अरबी गृहस्थ दारात ठेवून जातात. दुकानातला पॅकबंद खजूर वेगळा आणि हा वेगळा. हा झाडावरून नुकता उतरवलेला, अजून ओला असतो. त्याला रुतब म्हणतात. देठाकडे हळदीसारखा पिवळा, टोकाकडे तपकिरी, आणि मधे एक रेघ, जिथे कच्चेपण संपतं आणि पिकणं सुरू होतं. सून ताटलीत मांडून माझ्यापुढे ठेवते. "अब्बा, घ्या ना, यंदा फार गोड आहे." मी एक उचलतो, बोटांत फिरवतो आणि परत ताटलीत ठेवतो. साठ वर्षं माझं हे असंच चाललंय. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला साखरेची भीती आहे.

भीती साखरेची नाही. हा खजूर कोणीतरी माझ्या गालाला लावून धरलाय असं मला वाटतं. थंड, चिकट फळ, त्याला तेलकट रंगाचा वास, आणि एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघणारा दाऊद. "थांब, हलू नको. तुझ्या कातडीचा रंग सापडला मला. ना पिवळा, ना तपकिरी. ही मधली रेघ आहे ना, तो रंग."

यंदाच्या मोसमात, जिथे हे घडलं त्या गावी मी जाऊन आलो. तेव्हापासून झोप नीट नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

माझी नात सना हिनं मोबाइलमध्ये काहीतरी वाचलं आणि माझ्या खोलीत आली. "दादा, यू वर्क्ड इन अल-सिदर, नो? दे हॅव ओपन्ड अ गॅलरी देअर." रास अल-खैमाच्या वाटेवरचं, खाडीकाठचं हे लहानसं गाव. सिदर म्हणजे आपल्या बोरीची बहीण. पूर्वी गावाच्या तोंडाशी तिची तीन झाडं होती. पुढे लोक शहरांत गेले, घरं ओस पडली, भिंती खचल्या. आता सरकारनं ते गाव पुन्हा उभं केलंय, आणि तिथल्या सर्वांत मोठ्या घरात एका इंग्रज चित्रकाराची चित्रं लावली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा माणूस समुद्र मोजणाऱ्या एका जहाजातून आला, तापानं आजारी पडला आणि एक हिवाळा त्या घरात राहिला. जाताना उपकार फेडायचे म्हणून आपली बारा चित्रं मागे ठेवून गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या भिंतीवर ते पुरेसं मोठं लिहिलंय.

मी सनाला म्हणालो, "नेशील मला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कधी काही मागत नाही. "शुअर," ती म्हणाली.

आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो तेव्हा गाडीच्या काचा घामेजल्या होत्या. हवेत ओल होती, तशीच, जशी त्या वर्षी होती. या देशाचं इतकं सगळं बदललं, पण जुलै-ऑगस्टची ही ओल बदलली नाही. कपडे अंगाला चिकटतात, मीठ बरणीत विरघळतं आणि कागद पापडासारखे मऊ पडतात. ओल हीच माझ्या गुन्ह्याची सुरुवात आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. रत्नागिरीच्या शाळेतून मॅट्रिक झालेलो. एका इंग्रज कंपनीनं त्या खाडीत धक्का बांधायचं काम घेतलं होतं आणि मी तिथला स्टोअर-कारकून होतो. इंग्रजी येत होतं, अरबी शिकलो होतो, म्हणून साहेबाचा दुभाषाही मीच. दाऊद माझ्या शेजारच्या गावचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. तो रंगारी होता. कंपनीच्या लाँचना निळा रंग द्यायचा आणि गावातल्या पडावांवर, म्हणजे शिडाच्या होड्यांवर, नावं लिहून द्यायचा. अरबी त्याला बोलता येत नव्हतं, पण लिहिताना अशी वळणं काढायचा की नाखवे आपल्याच पडावाचं नाव पुन्हा पुन्हा बघायला येत. त्याची एक लकब होती. ब्रश डब्याच्या काठावर तीनदा आपटायचा आणि मगच रंगात बुडवायचा. टक, टक, टक. अजूनही घरात कुणी चमचा कपावर असा वाजवला तर मी मान वर करतो.

ज्या घरात ती चित्रं होती त्याच्या मालकाला सगळे बू सालेम म्हणत. सालेमचा बाप. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घराचं छत उतरवायचं होतं, म्हणून चित्रांची पेटी त्यांनी दोन महिन्यांसाठी आमच्या स्टोअरमध्ये ठेवायला दिली. साहेबाला जुन्या वस्तूंची आवड. त्यानं सगळी चित्रं काढून पाहिली, एका कागदावर बाराही चित्रांची यादी केली आणि पेटी माझ्या हवाली करत म्हणाला, "तुझ्या जबाबदारीवर."

मी काय केलं? त्या पेटीवर पाण्याचा माठ ठेवला.

याला दुसरं काही नाव देता येत नाही. माठ जमिनीवर ठेवला की मुंग्या लागत. आमच्या घरी माठ नेहमी लाकडी घडवंचीवर असे, आणि पेटीची उंची बरोबर तेवढी होती. कोकणातला माणूस सावलीतली लाकडी वस्तू बघतो आणि त्याच्या मनात पाणी गार ठेवायचा विचार येतो. माठ पाझरतो, म्हणूनच तर पाणी गार राहतं. महिनाभर तो पेटीच्या झाकणात पाझरत राहिला.

झाकण उघडलं तेव्हा सर्वांत वरचं, बारावं चित्र गेलं होतं. यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘बसलेला पाणबुड्या, नजर समोर’. मोती काढायला समुद्रात उतरणारा माणूस. त्याचा एक हात आणि त्यातली नाकावर लावायची चिमटी तेवढी शिल्लक होती. चेहऱ्याच्या जागी करडी बुरशी होती आणि बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा बोटाला येत होता.

मी दाऊदकडे धावलो. त्यानं ते चित्र उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं शिव्या घालील. पण त्याचा चेहरा वेगळाच झाला होता. "इब्राहीम," तो म्हणाला, "ह्या माणसानं हात बघ कसा काढलाय. हाडं दिसतात रे आतली."

"दाऊदभाई, माझी नोकरी जाईल. बाप मला दारात उभा करायचा नाही."

"तुझा बाप मलाही उभा करत नाय. चल, आण एक खुर्ची."

आमचं बोलणं मी इथे थोडं पुस्तकी करून लिहितोय, कारण आमच्या कोकणीतला दाऊद कागदावर आणायला माझा हात पुरत नाही.

पडावांच्या मागे झावळ्यांची एक शेड होती. रोज दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की, मी तिथे उघड्या अंगानं बसायचो. पडावाच्या तळाला लावायच्या शार्क माशाच्या तेलाचा वास डोक्यात चढायचा. खजूर पिकला होता. माणसं कमरेला दोर बांधून झाडांवर चढत आणि घड खाली सोडत. दाऊदजवळ नेहमी एक ताटली भरून रुतब असे. एक खायचा, एक माझ्या गालाला लावून रंग जुळवायचा.

"तोंड बदल. तू कारकुनासारखा बघतोयस."

"मी कारकूनच आहे."

"आता नाहीस. आता तू साठ-सत्तर वर्षांपूर्वी समुद्रात उतरलेला माणूस आहेस. वर येताना श्वास संपतोय. हां, असा बघ."

"मला पोहता येतं, दाऊदभाई."

"तेच तर वांधं आहे. बुडणारा चेहरा कुठून आणू?"

माझ्या डाव्या भुवईत एक खाच आहे, लहानपणी काजूच्या झाडावरून पडलो तेव्हाची. मी म्हटलं, ही काढू नका, ओळख लागेल. तो ब्रश डब्यावर आपटत म्हणाला, "दिसतं ते काढायचं. न काढणं म्हणजे खोटं."

बुरशी खरवडून त्याच कापडावर पंधरा दिवसांत चित्र झालं. पाण्याचा रंग त्यानं लाँचच्या निळ्यातून बनवला. वर चहाच्या पाण्याचा हात फिरवला, उदाचा धूर दिला. मी पाहिलं आणि अंगावर काटा आला. तो माणूस मी होतो आणि मी नव्हतो. तो मेलेला होता, आणि त्याला माझी ओळख होती. दाऊद हळूच म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, दाऊद नाव काढील. हे बघायला हवा होता तो."

चित्र पेटीत गेलं. माठ जमिनीवर गेला. आणि तीन दिवसांनी पहारेकऱ्यानं साहेबाला सांगितलं की रंगाऱ्याला गोणपाटात चित्र गुंडाळून नेताना त्यानं पाहिलंय.

साहेबानं दाऊदला ऑफिसात बोलावलं. आम्ही तिघंच होतो. टेबलावरचा पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीत साहेबाच्या कागदांचे कोपरे उचलत होता. साहेब मला म्हणाला, "विचार त्याला, त्यानं चित्राचं काय केलं?"

मी विचारलं. दाऊदनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्याला पंधरा दिवसांत पाठ झाला होता. त्यावर काय लिहिलंय ते त्यानं वाचलं असणार. तो ताठ उभा राहिला. "त्याला सांग, चित्र मी काढलं. बाकी काही सांगू नको." माठाचं नाव त्याला येऊ द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, हे वाक्य कुणासमोर तरी म्हणायची त्याला इच्छाही होती. चित्र मी काढलं. छाती जरा पुढे आली होती त्याची.

आपल्या भाषेत ‘काढणे’ हा शब्द किती कामं करतो! आपण चित्र काढतो, दात काढतो, दिवस काढतो, आठवण काढतो, खिशातून किल्ली काढतो, कुणाचं उणं काढतो. बाप म्हणतो मुलगा नाव काढील, आणि यादीतून नाव काढतात तेव्हाही शब्द तोच. लहान मूलसुद्धा यांत गोंधळत नाही. मीही गोंधळलो नव्हतो. हे मला आज स्पष्ट लिहायचंय. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो, जीभ घसरली. जीभ घसरली नाही. पंख्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत मी थांबलो होतो. दोन्ही इंग्रजी शब्द माझ्यासमोर होते. त्यांतला मला वाचवणारा मी उचलला.

"सर, ही सेज ही टुक इट आउट."

"पेटीतून बाहेर काढलं?"

"येस सर."

"आणि घाबरून परत ठेवलं?"

"येस सर."

साहेबानं पेटी उघडवली, बारावं चित्र उचललं, खिडकीशी नेलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाला, "थँक गॉड." मग खुर्चीत बसून एक कागद लिहिला.

दाऊदला इंग्रजी येत नव्हतं. त्याला वाटलं, मी खरं तेच सांगितलं आणि साहेब नकलेवर चिडला. पुढच्या आगबोटीनं त्याला परत पाठवलं. बर दुबईच्या धक्क्यावर मी सोडायला गेलो. आगबोट लांब समुद्रात उभी असे, तिथवर होडीनं जावं लागे. होडीत पाय ठेवताना तो म्हणाला, "तोंड काय पाडतोस? खरं तर कधीतरी सांगायलाच लागलं असतं. हे बघ, साहेबानं दाखला दिलाय. मुंबईत गोदीवर दाखवीन, काम मिळेल." आणि तो कागद नीट घडी करून त्यानं छातीच्या खिशात ठेवला.

त्या कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. साहेबानं लिहिलेलं टाइप मीच केलं होतं. ‘चोरीच्या कारणावरून परत पाठवण्यात येत आहे.’ मी खिशातला रुतबाचा पुडा त्याच्या हातात दिला.

हे सगळं गाडीत माझ्या मनात चाललं होतं आणि सना रस्त्याकडे बघत होती. अल-सिदर आलं. सिदराची झाडं तीनही जागेवर होती. घरं मात्र मी ओळखली नाहीत. पूर्वी भिंती ओबडधोबड असत, त्यांतून शिंपले डोकावत. आता सगळं गुळगुळीत आहे, लाकडी दारांना तेलपाणी केलंय, आणि कुठल्यातरी भिंतीच्या आड लपवलेला एसी गुरगुरतो. मेलेल्या माणसाला नवे कपडे घालून बसवावं तसं ते गाव बसलं होतं. दारात पाऊल टाकलं आणि मला ते ऐकू आलं. टक, टक, टक. आत कुठेतरी नळ ठिबकत असेल. असेलच.

अकरा चित्रं मी पाहिली, पण खरं म्हणजे पाहिली नाहीत. खाडी, उंट, उदाची धूपदानी, आजारी माणसानं खिडकीतून पाहिलेलं आभाळ. बाराव्यासाठी एक वेगळी भिंत होती आणि वरून दिवा सोडला होता. मी सनाचा हात धरला.

तो बसला होता. बावीस वर्षांचा. माझ्याकडे बघत होता. मी म्हातारा झालो, माझे दात गेले, बायको गेली, आणि हा तिथे श्वास रोखून बसला होता, पाण्याच्या वर यायच्या आत थांबवलेला. बुडणारा चेहरा कुठून आणू, असं दाऊद म्हणाला होता. त्यानं आणला होता. मी पुढे काय होणार आहे ते माझ्याआधी त्याला दिसलं होतं की काय, देव जाणे.

"दादा," सना अगदी हळू म्हणाली, "ही हॅज युअर आयब्रो."

चित्राच्या शेजारी दोन पाट्या होत्या. वरची चित्रकाराच्या नावाची. खालची लहान, पितळेची. तिच्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं की या संग्रहातलं हे सर्वोत्तम चित्र एका हिंदी रंगाऱ्यानं चोरलं होतं, पण सुदैवानं ते परत मिळालं.

मला वाटत होतं, ती गोष्ट तो साहेब, मी आणि दाऊद यांच्यापुरती होती. साहेबाच्या कागदपत्रांतून ती इथवर आली होती आणि स्क्रूनं भिंतीला बसवली होती. शाळेची पोरं येतील, वाचतील आणि पुढे जातील.

मी खाली बसलो, जमिनीवरच. सना घाबरली. गॅलरी सांभाळणारी एक मुलगी पाणी घेऊन धावत आली. तिचं नाव मरियम, बू सालेमची नात. त्या घराच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, पाण्याचा ग्लास हातात धरून, मी साठ वर्षांत पहिल्यांदा ते सांगितलं. माठापासून सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं अरबीत. एका शब्दाशी अडकलो, तेव्हा सनानं विचारलं, "काढलं मीन्स?"

"ड्रू," मी म्हणालो. "ही ड्रू इट."

इतका लहान शब्द. तेव्हाही मला तो येत होता.

मरियम बराच वेळ चित्राकडे आणि माझ्या भुवईकडे बघत होती. मग म्हणाली, दुरुस्ती करणाऱ्यांना यातल्या निळ्या रंगाचा संशय होताच. हा रंग त्या काळातला वाटत नाही, असं ते म्हणाले होते. ती पुढे म्हणाली, "माझे आजोबा काय म्हणायचे माहीत आहे? चोर चित्र परत आणतो, पण अधिक सुंदर करून आणत नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा काहीतरी बोलतो."

म्हणजे बू सालेमना कळलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर दुभाषा मीच होतो.

वरच्या पाटीसाठी समितीला विचारावं लागेल, तज्ज्ञ येतील, माझा जबाब लिहून घेतील, असं ती म्हणाली. "इन्शाल्ला," ती म्हणाली. या देशात मी इन्शाल्लाचे सगळे सूर ऐकलेत. ‘बघू’ असा एक असतो, ‘विसरा’ असा एक असतो. हा त्यांतला नव्हता. ती आत गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. खालची पितळेची पाटी दाखवत म्हणाली, "धिस वन आय कॅन टेक आउट टुडे."

टेक आउट. मी डोळे मिटले.

दोन स्क्रू निघाले. पाटीमागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा जराशी उजळ होती, दोन भोकांसकट. सना तिथे बोट फिरवत होती.

परतीच्या वाटेवर दुबई मागे पडल्यावर सना म्हणाली, "यू कुड हॅव रिटन टू हिम." तिच्या आवाजात राग होता आणि तो योग्य होता. मी फक्त "हो" म्हणालो. मला माफ करायचं काम तिचं नाही.

कारण दाऊदनं मला लिहिलं होतं. तो गेल्यानंतर आठ-दहा महिन्यांनी. मुंबईच्या गोदीवर तो दाखला त्यानं किती जणांना दाखवला असेल, किती कारकून तो वाचून हसले असतील आणि शेवटी कोणी त्याला अर्थ सांगितला असेल, ते मला ठाऊक नाही. पुढे गावाहून आलेल्या एकाकडून कळलं की दाऊद बंदरावर होड्या रंगवतो. मी विचारलं, नावं लिहितो का? तो म्हणाला, "नाही, नुसते नंबर टाकतो. नावं लिहायला सांगितलं तर नको म्हणतो." चेहरा तर त्यानं पुन्हा काढलाच नाही. वीस वर्षांपूर्वी तो वारला.

त्याचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. ना शिवी, ना गाऱ्हाणं. सुबक, वळणदार अक्षरात एकच ओळ: ‘इब्राहीम, त्या दिवशी तू साहेबाला ‘काढलं’चं इंग्रजी काय सांगितलंस?’

मरियमला मी जबाब इंग्रजीत देईन, अरबीतही देईन. पण हे मराठीत लिहितोय, कारण काढणं म्हणजे काय आणि काढणं म्हणजे काय, हे ज्यांना न सांगता कळतं त्यांच्यासमोरच हे कबूल करायला हवं होतं. आज सकाळी सुनेनं ताटली आणून ठेवली. मी एक रुतब उचलला, मधल्या रेघेवर दात लावला आणि खाल्ला. आणि मग ट्रंकेतलं पत्र समोर ठेवून त्याच्याच खाली, जागा शिल्लक होती तिथे, उत्तर लिहिलं.

दाऊदभाई, मी ‘टुक आउट’ सांगितलं. मला दुसरा शब्द येत होता.